कौसाबाई नेट सोडतात

"शिस्टर, अवो शिस्टर! तुमचं नेट सांडतंय!"

सकाळी सकाळी दारावर थापा पडल्या आणि हे वाक्य ऐकू आलं. करवंददऱ्याच्या उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून रुजू होऊन मला अजून आठवडासुद्धा झाला नव्हता. मी दात घासत होते. 'दूध उतू चाललंय' ऐकलं असतं तर धावले असते. 'पाणी सांडतंय' ऐकलं असतं तरी धावले असते. नेट सांडल्यावर माणसानं फडकं आणायचं की बादली, हे मला नर्सिंगच्या कोर्सला कुणी शिकवलं नव्हतं.

दार उघडलं. बाहेर साठीची एक उंच, काटक बाई उभी. डोक्यावर पदर, पायात रबरी बूट, खांद्यावर गदेसारखी लांबलचक लोखंडी चावी. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून आत बघून टेबलाकडे बोट केलं. टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता आणि स्वतःच्या मनानं काहीतरी उतरवून घेत होता.

"ते बघा. म्होरं मानूस न्हाई, काय न्हाई, आन धो धो चालूच हाय. खालच्या आळीला थेंब जाईना न् हितं निस्तं वाहून चाललंय."

मी तोंडात ब्रश तसाच ठेवून लॅपटॉप मिटला.

"हां. आता कसं!" म्हणाली, आणि निघाली. चार पावलं गेली आणि वळली. "मी कौसाबाई. पानी सोडती. आन नेट सोडती."

जिथं नळाला चोवीस तास पाणी असतं तिथल्या वाचकासाठी सांगते. आमच्याकडे पाणी येत नाही, ते 'सोडतात'. टाकीखालचा व्हॉल्व फिरवला की एका आळीला येतं, बंद केला की जातं. तो फिरवणारा माणूस गावात सरपंचाच्या खालोखाल असतो. उन्हाळ्यात तर सरपंचाच्या वर. करवंददऱ्यात ते काम कितीतरी वर्षं कौसाबाईंकडे आहे.

नेट त्यांच्याकडे कसं आलं, ती मात्र गंमत आहे. राजूरचा बाजार मागं टाकून घाट चढून वर आलं की मोबाईलची रेंज गाडीतून उतरून परत जाते. आमच्या गावात ती फक्त शाळेच्या मुतारीमागच्या एका दगडावर यायची. त्या दगडालाच गाव 'टावर' म्हणायचं. राजूरला बाजाराला गेलेली माणसं भाजीपाल्याबरोबर आठवड्याचे मेसेजही भरून आणायची. सरकारी नेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत आली होती, पण ती कपाटात. कपाटाला कुलूप. कुलपाची चावी रजेवर.

मग शहरातल्या एका संस्थेची पोरं आली. त्यांनी गावाला बसवून समजावलं की ही तार ग्रामपंचायतीतून पाण्याच्या टाकीपर्यंत ओढू. टाकी गावातली सगळ्यात उंच जागा. तिथं थाळीसारख्या अँटेना लावू आणि शाळेला, उपकेंद्राला, गावच्या आळ्यांना आणि पार वरच्या वाडीलासुद्धा नेट देऊ. नेट कुणा एकाचं नाही, गावाचं. ज्याला झेपेल त्यानं महिन्याला थोडी वर्गणी द्यायची, ज्याला झेपत नाही त्यानं चर खणायला यायचं. गाव तयार झालं. आता यंत्रं ठेवायला जागा हवी. वीज असलेली, न गळणारी, कुलपाची. अशी खोली गावात एकच, टाकीखालची व्हॉल्वची. आणि तिथं कौसाबाई.

पोरांनी कौसाबाईंना दिवे दाखवले, बटणं दाखवली. हे बंद केलं की खालची आळी बंद, हे चालू केलं की वरची वाडी चालू.

"मंजी व्हॉल्वच की!" कौसाबाई म्हणाल्या.

"हो मावशी, तसंच समजा," त्यातला एक पोरगा हसत म्हणाला.

कौसाबाईंनी तसंच समजलं.

त्यांनी नेटच्या पाळ्या लावल्या. सकाळी आधी वरची वाडी, मग शाळा, दुपारी मधली आळी, संध्याकाळी खालची. पाळी नसलेल्या आळीचं पार बंद नसायचं, बारीक धार चालू ठेवायच्या. "प्यायापुरतं" हा त्यांचा शब्द. पोरांनी यंत्रावर इंग्रजीत लिहिलेल्या पट्ट्या त्यांनी उपटून टाकल्या आणि प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. वरच्या वाडीची चिंधी जरीच्या काठाची. "लांबचं पावनं हाय ना ते," म्हणाल्या.

एकदा कुणीतरी भक्तिभावानं त्या पेटीला हळदकुंकू वाहून, हार घालून गेलं. कौसाबाईंनी हार काढून शेळीला घातला आणि पेटी फडक्यानं लख्ख पुसली. "ह्याला पूजा नगं. ह्याला हवा लागती. देव आसता तर दिवसातून तीनदा बंद पडला आसता व्हय?"

दिवसभर त्यांचा गावात फेरा असायचा. गळका नळ आणि गळकं नेट, दोन्ही एकाच नजरेनं शोधत. पडवीत मोबाईल गाणी म्हणतोय आणि मालक घोरतोय असं दिसलं की बाहेरून चावी ठणाठण वाजायची. "सांडू नगा, रं! सांडू नगा!" सरपंच भाऊसाहेब स्वभावानं गरीब माणूस. त्यांना एकच व्यसन, जुन्या जत्रांमधल्या कुस्त्या बघायचं. एके दिवशी मी त्यांच्या घरी लसीकरणाच्या कामासाठी बसले होते, तेवढ्यात खिडकीत कौसाबाईंचं डोकं उगवलं.

"सरपंच, कवाधरनं लढत्यात वो ते पैलवान. कुनी पडतंय का न्हाई?"

"पडंल आता, कौसाबाई."

"न्हाई पडायचे. दोगं बी तेल लावल्यालं हायेत. बंद करा. शाळंतल्या पोरींची परीक्षा हाय."

आणि गावच्या प्रथम नागरिकानं निकाल न बघता कुस्ती बंद केली.

मला हे सगळं आधी विनोदी वाटायचं. केडगावला घरी फोन करून मी आईला रोज एक किस्सा सांगायचे. आई हसून हसून बेजार व्हायची. "आज काय म्हणाल्या गं तुझ्या कौसाबाई?" हे तिचं पहिलं वाक्य असायचं. मी जेवले का, हे दुसरं.

त्या पावसाळ्यात चांगुणाचं प्रकरण झालं. चांगुणा वरच्या वाडीची, दिवस भरत आलेली. वाडीची आशाताई भर पावसात मला सांगायला निघाली, पण ओढा दुथडी, अलीकडे येता येईना. मग तिनं वाडीतूनच व्हिडिओ कॉल लावला. चांगुणाचे पाय सुजलेले, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी. आशाताईकडे मशीन होतं, तिनं रक्तदाब घेतला. आकडा भलताच वर होता. मी राजूरच्या डॉक्टरांना त्याच कॉलवर घेतलं. डॉक्टर विचारताहेत, आशाताई सांगतेय, आणि चित्र मध्येच गोठतंय. चांगुणाचा चेहरा अर्धा आला की थांबतोय. आवाज तुटतोय. मी खिडकीतून टाकीकडे बघून ओरडले, "मावशी! वरच्या वाडीला सोडा! सगळं सोडा!"

पावसात त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. पण क्षणात चित्र स्वच्छ झालं. डॉक्टरांनी पाय दाबून दाखवायला सांगितले, डोळे बघितले, आशाताईजवळची कुठली गोळी द्यायची ते सांगितलं, आणि म्हणाले, "हिला आत्ताच हलवा." वाडीतल्या माणसांनी डोली केली, डोंगराच्या अंगानं लांबचा फेरा मारून पलीकडच्या रस्त्यावर गाडीपर्यंत नेली. डोली वाडीबाहेर पडेपर्यंत डॉक्टर आणि मी कॉलवरच होतो. चांगुणाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

इकडे गावात बोंब उठली होती. कौसाबाईंनी शाळेपासून सरपंचापर्यंत सगळ्यांचं बंद केलं होतं, 'प्यायापुरतं'सुद्धा ठेवलं नव्हतं. लोक छत्र्या घेऊन टाकीखाली जमले. कौसाबाई दाराला आतून कडी घालून बसलेल्या. "बाळतीन व्हईस्तवर कुनाला थेंब मिळायचा न्हाई," असं आतून उत्तर. दार उघडलं ते मी जाऊन "मुलगी झाली" म्हटल्यावर. बाहेर आल्या, सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "पेढं कुनी आनायचं?"

दिवाळीनंतर शहरातला एक केबलवाला गावात आला. माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. गावठाणात घरोघर तार देतो, चोवीस तास, पाळी नाही, कुणाला विचारायचं नाही, असं त्याचं म्हणणं. अट एकच. टाकीवरची जागा त्याला द्यायची, गावाच्या अँटेना उतरवायच्या.

"आणि वरच्या वाडीला?" मी विचारलं.

"तिथं घरं कमी आहेत, ताई. परवडत नाही. पुढंमागं बघू."

गावातली तरुण पोरं खूश झाली, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. आमचा अमोल घरी बसून पुण्याच्या एका ऑफिसचं काम करायचा. ऐन मीटिंगमध्ये साहेबाला 'यस सर' म्हणायला तोंड उघडलं की कौसाबाई मधल्या आळीची पाळी संपवायच्या. साहेबाला वाटायचं, हा पोरगा सदा तोंड उघडं ठेवून बसलेला असतो. "शिस्टर, एक दिवस माझी नोकरी त्या चावीनं जाणार," तो काकुळतीला येऊन म्हणायचा.

निर्णयासाठी ग्रामसभा ठरली. आमच्याकडे ग्रामसभेला कोरम होत नाही हा नियम आहे. सरपंच, ग्रामसेवक, शिपाई आणि सावलीला आलेलं कुत्रं. वरच्या वाडीची माणसं तर त्या दिवसांत मजुरीला बाहेर. चारजण हात वर करणार आणि अँटेना खाली येणार, हे उघड होतं.

सभेच्या दिवशी सकाळी कौसाबाई माझ्याकडे आल्या. "शिस्टर, आज कुनाला डाक्टरला दाखवायचं हाय का?"

"आहेत दोघंतिघं. का?"

"मंग तुमचं चालू ठिवती," एवढं बोलून गेल्या.

आणि त्यांनी बाकी सगळ्या गावाचं नेट बंद केलं.

थोड्या वेळात गावाला शोध लागला की फक्त उपकेंद्रात नेट आहे. मग जी रीघ लागली! एरवी ज्यांना मी रक्तदाब तपासायला या म्हणून हात जोडायचे, ते बाप्ये ओळीनं बाकावर येऊन बसले. हातात मोबाईल, तोंडावर दुखणं. मी संधी सोडली नाही. एकेकाचा उजवा हात मोबाईल धरायला ठेवला आणि डाव्या हाताला पट्टा बांधला. कित्येकांचं दुखणं खरंच निघालं. सरपंचांचा रक्तदाब वाढलेला सापडला. कुस्त्यांमुळे असावा.

दुपारी कौसाबाईंनी उपकेंद्राचीही पाळी संपवली. रिकामं बसून करायचं काय, म्हणून सगळं गाव तावातावानं ग्रामसभेला लोटलं. बायकासुद्धा आल्या. ग्रामसेवकाला सतरंज्या कमी पडल्या. करवंददऱ्याच्या इतिहासात एवढी ग्रामसभा कुणी बघितलेली नव्हती.

"कौसाबाई, हे काय चालवलंय?" कुणीतरी ओरडलं. "सकाळधरनं नेट न्हाई!"

कौसाबाई उठल्या. चावी भिंतीला टेकवली. मला वाटलं, आता खडसावणार. पण आवाज एकदम बारीक निघाला.

"सकाळधरनं न्हाई, तर एवढं कासावीस झालात. वरच्या वाडीला कायमचंच असं हुईल." त्यांनी चावीकडे बघितलं. "माझी आई गावच्या हिरीवर घागर घिऊन लांब उभी ऱ्हायची. कुनी वाढंल तवा पानी. कवा कवा दुपार व्हायची. मी तिच्या लुगड्याला धरून उभी. वाट बघायला लावनं काय आसतं, ते मला नगा शिकवू. हातात चावी आली तवाच मी ठरवलं, सोडायचं तर आधी लांबच्याला."

त्या विहिरीवरून पाणी भरलेल्या दोनचार म्हाताऱ्या सभेत होत्या. त्यांतल्या एकीनं, बहुधा सगळ्यात थोरल्या घरातली असावी, खाली बघत पदर नीट केला आणि म्हणाली, "कौसाचं खरं हाय. ऱ्हाऊ द्या वाडीचं."

ठराव झाला. टाकीची जागा गावाची, गावाकडेच राहील. केबलवाल्याला हवं तर त्यानं स्वतःचा खांब रोवावा. त्यानं तो रोवला नाही. पण कौसाबाईंनाही माघार घ्यावी लागली. अमोलच्या घरी त्याच्या कामाच्या वेळात नेट बंद करायचं नाही, हे सभेनं त्यांच्याकडून वदवून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पन कामच करायचं. मी खिडकीतून बघीन."

अमोलनं दुसऱ्याच दिवशी खिडकीला पडदा लावला.

हे सगळं पार पडलं आणि मग माझ्या कानावर एक तक्रार आली. तक्रार वरच्या वाडीतूनच. कौसाबाई सकाळी वाडीच्या पाळीत तिथं येतात, घरात कुणाचा व्हिडिओ कॉल चालू असला की उंबऱ्यात बसतात आणि संपेपर्यंत उठत नाहीत. कुणाचा मुलगा नारायणगावकडून बोलतोय, कुणाची लेक नाशकातून. घरचं चार शब्द मोकळं बोलता येत नाही. चांगुणाच तेवढी म्हणाली, "बसू द्या की. काय नेती का ती?"

मला वाटलं, नेट सांडतंय का ते बघत असतील. म्हणून एकदा दुपारी उपकेंद्रात आल्या तेव्हा मी हळूच विषय काढला.

"मावशी, लोक बोलत असतात तिथं बसू नये. त्यांना अवघडल्यासारखं होतं."

त्यांचा चेहरा उतरला. "व्हय का? मला वाटलं न्हाई तसं. न्हाई बसायची." मग बुटांवरचा चिखल काढत म्हणाल्या, "मी काय आयकत न्हाई वो. तोंडं बघती. मानूस मानसाला बघून कसं फुलतं ते बघती."

त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, हे मला ठाऊक होतं. तो कधी वाजलेला मात्र मी ऐकला नव्हता. सगळ्या गावाला नेट सोडणाऱ्या या बाईला कुणाशी बोलायचं असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

"मावशी, तुम्हाला लावून देऊ का कुणाला? माझ्या फोनवरून?"

नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, हे मला माहीत होतं. देवळाली प्रवराला एक भाऊ होता. तोही गेल्या साली वारला. त्याच्या पोरांचे नंबर त्यांच्याकडे नव्हते. त्या बराच वेळ विचार करत होत्या. मनातल्या मनात एकेक दार ठोठावून बघत असाव्यात.

"कुनी न्हाई बाई तसं," शेवटी म्हणाल्या. मग एकदम लाजून, "तुमच्या आईला लावता का?"

"माझ्या आईला?"

"तुमी रोज बोलता ना त्यांच्याशी. हासत्यात लई. मला बाहेर आयकू येतं."

मी फोन लावायला घेतला तर म्हणाल्या, "थांबा." नळावर जाऊन तोंड धुतलं. पाय धुतले. पदर डोक्यावरून नीट घेतला. खुर्चीवर न बसता लसीच्या पेटीशेजारच्या स्टुलावर ताठ बसल्या, हात मांडीवर. फोटो काढायला बसतात तसं.

आईचा चेहरा आला. मी म्हटलं, "आई, या कौसाबाई."

आई क्षणभर बघत राहिली. मग तिचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं मी कुणी परकीच आहे.

"अहो बाई! तुम्हीच का त्या! या, या!" केडगावच्या घरातून ती करवंददऱ्यातल्या माणसाला 'या' म्हणत होती. "किती दिवस तुमचं नाव ऐकतेय. बरं आहे ना? जेवलात का?"

कौसाबाईंनी पदर आणखी पुढं ओढला.

"न्हाई अजून," त्या म्हणाल्या. "एकलीला काय, कवा बी खाल्लं तरी चालतं."

"असं कसं चालेल? दुपार कलली की. भाकरी आहे का जवळ?"

"हाय फडक्यात."

"मग सोडा बघू. मी बसते इथंच. माझंही ताट वाढून घेते. एकटीला मलाही घास जात नाही. सून नोकरीला, मुलगा नोकरीला." आणि आई उठून आत गेलीसुद्धा.

कौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी फडकं सोडलं. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. आई ताट घेऊन आली, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, आणि पलीकडून म्हणाली, "काय भाजी केली होती? दाखवा की." कौसाबाईंनी ठेच्याची वाटी फोनपुढं धरली. मग आई सांगायला लागली, शेजारच्या घरी परवा लग्न झालं त्यात काय काय घोळ झाले. कौसाबाई पहिला घास घेऊन हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, अगदी मुलीसारख्या. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच बघितलं.

मी बाहेर आले. बाकावर खालच्या आळीचा एक म्हातारा खोकत बसला होता. मला बघून उठायला लागला.

"बसा बाबा, जरा थांबा," मी म्हटलं. "आत जेवणं चाललीत."